थंड सोफीबाई येऊन गेल्या

लाइपझिग,
१६ मे

ती. आबा आणि ती. सौ. आईस,


पत्रास कारण की, काल सोफीबाई गेल्या आणि आज सकाळी आम्ही टोमॅटो लावले.

या एका वाक्यावरून तुम्हाला काहीही कळलं नसणार. सोफीबाई कोण, आणि त्यांच्या जाण्याशी टोमॅटोचा काय संबंध, हे फोनवर सांगायला गेले की आबा दुसऱ्याच मिनिटाला "बरं बरं, पोरं कशी आहेत?" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून कागदावर लिहिते आहे. पोरं बरी आहेत.

आम्हाला इथे मळा मिळाला, हे तुम्हाला माहीत आहेच. मळा म्हणजे तीन गुंठे. आबा, हसू नका. इथे कायद्यानंच अशा बागेला चारशे चौरस मीटरच्या वर, म्हणजे चार गुंठ्यांच्या वर जाता येत नाही. १९८३ चा खास केंद्रीय कायदा आहे त्यासाठी. त्यात झोपडी बांधता येते, पण ओट्यासकट चोवीस चौरस मीटरच्या आतली, आणि तिथे मुक्कामाला राहायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे जमिनीचा एक तृतीयांश भाग भाजी आणि फळं यांच्यासाठीच. नुसती हिरवळ करून खुर्चीत पाय पसरून बसाल तर बागा चालवणाऱ्या मंडळाचे लोक येऊन मोजमाप घेतात. कुळकायदा आपल्याला माहीत होता. कुळानं भोपळा लावलाच पाहिजे असा कायदा मी पहिल्यांदाच पाहिला.

या बागांना इथे श्रेबरगार्टन म्हणतात आणि त्यांचं माहेर म्हणजे हेच आमचं लाइपझिग. श्रेबर नावाचे एक डॉक्टर इथे होते. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावं, असं त्यांचं सांगणं. ते १८६१ मध्ये वारले. तीन वर्षांनी इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांची संस्था काढली आणि तिला त्यांचं नाव दिलं. आधी झालं ते खेळाचं मैदान. मग गेझेल नावाच्या मास्तरांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलं चार दिवसांत कंटाळली आणि आईबापांनी वाफे ताब्यात घेतले, ते आजतागायत सोडलेले नाहीत. ज्यांच्या नावानं देशभर एवढ्या बागा आहेत त्या डॉक्टरांनी स्वतः यातली एकही लावली नव्हती. आमच्या घरी हा इतिहास सहा आठवड्यांत पुन्हा घडला. थोरल्यानं मुळ्याच्या दोन ओळी पेरल्या, धाकटीनं त्या उगवल्या का हे पाहायला रोज उकरल्या, आणि आता पाणी घालायला मी जाते.

शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा आहेत. चाळीस वर्षं तिथेच. इथे "नाही"ला "नाइन" म्हणतात. आजोबांच्या तोंडात तोच एक शब्द असल्यामुळे पोरांनी त्यांचं नाव ठेवलं हेर नाइन, म्हणजे नाहीराव. दुपारी एक ते तीन ठोकाठोक केली, नाइन. रविवारी गवत कापायचं यंत्र काढलं, नाइन. मार्च लागल्यावर कुंपणाची मेंदी मुळापासून छाटायला घेतली, नाइन. पाखरं घरटी करतात म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत तशी छाटणी कायद्यानंच बंद. आणि मे महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत टोमॅटो बाहेर लावला, की तीन वेळा नाइन.

आता गेल्या वर्षीची हकिकत. ही तुम्हाला मी सांगितली नव्हती. "यंदा टोमॅटो फारसा आला नाही," एवढंच म्हणाले होते. खरं काय झालं ते आता सांगते, कारण यंदाची रोपं सुखरूप आहेत आणि माणूस सावरल्यावरच खरं बोलतो.

तुमचे जावई सदाशिव पेठेत वाढलेले. त्यांच्या मागच्या सात पिढ्यांत कुणी कुंडीच्या बाहेर काही उगवलं असेल असं मला वाटत नाही. जमीन मिळाल्या दिवशी फावडं घ्यायचं सोडून ते संगणकासमोर बसले. इथलं हवामान खातं मागच्या कित्येक वर्षांची रोजची नोंद फुकट देतं. ती सगळी उतरवून त्यांनी एक्सेलचा तक्ता केला. शेवटचं दहिवर गोठायची तारीख, म्हणजे इथल्या भाषेत शेवटचं फ्रॉस्ट, ती मधोमध. मग तिथून उलटं मोजायचं. मिरची आणि वांगं दहा-बारा आठवडे आधी घरात पेरायचं, म्हणजे साधारण फेब्रुवारीत. टोमॅटो सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे साधारण मार्चमध्ये. काकडी, दुधी तीन-चार आठवडे आधीच, कारण त्यांची मुळं दुखावली की ते रुसतात. वाटाणा, पालक, मुळा यांना थोड्या गारठ्याचं काही नाही, ते मार्च-एप्रिलमध्ये थेट जमिनीत. पलीकडच्या टोकाला ऑक्टोबर, पहिलं फ्रॉस्ट. या दोन टोकांच्या मध्ये जे पिकेल ते आपलं.

मी हसले. म्हटलं, मी निफाड तालुक्यातली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात यायच्या आधी आमच्या आबांच्या गुडघ्यात येतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला मी पहाटे चारला उठलेली मुलगी. मला थंडी शिकवता?

तक्त्यात शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख एप्रिलमधली निघत होती. त्यातून एप्रिल संपताना असं ऊन पडलं की लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले. मग मी मुहूर्त काढला १ मे. महाराष्ट्र दिन. बावीस टोमॅटो, आठ वांगी, सहा मिरच्या. हेर नाइन कुंपणापलीकडून तीन वेळा बोलले. मी हसून मान हलवली आणि पाणी घालत राहिले.

तीन-चार दिवसांनी आभाळ निवळलं आणि वारा पडला. आबा, तुम्ही असतात तर तेवढ्यावरून ओळखलं असतंत. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेरचा पारा चार अंशांवर होता. शून्याच्या वर आहे म्हणून मी निवांत झोपले. सकाळी जाऊन पाहते तर टोमॅटोची पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी. काळपट, लुळी, चुरगळलेली. वांग्यांचं तर नुसतं देठच उभं. मी गवतावर बसले. गवत कुरकुरत होतं.

जावई काही बोलले नाहीत. हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं, पण संध्याकाळी त्यांनी तक्ता उघडून उजवीकडच्या एका रकान्यावर बोट ठेवलं, तिथे मोठेपण संपलं. रकान्यात लिहिलं होतं "५० टक्के". सरासरी तारीख म्हणजे निम्म्या वर्षी तिच्याही नंतर फ्रॉस्ट पडतं. मी तेवढं उजवीकडे सरकलेच नव्हते. शिवाय खात्याचा तापमापक जमिनीपासून दोन मीटरवर असतो. माझे टोमॅटो वीतभर उंच. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळात सोडून देते, गार हवा जड म्हणून खाली बसते आणि सखल भागाकडे उतरते. आमचा तुकडा खोलगट, त्यात खालच्या बाजूला दाट कुंपण; वरून आलेला गारवा तिथे येऊन साठतो. आपल्याकडे नाल्याच्या अंगची बाग आधी करपते ना, अगदी तेच. हे मला माहीत होतं, आबा. लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते मराठीत माहीत होतं आणि इथे वापरायचं सुचलं नाही.

सोफीबाईंचं सांगायचं राहिलंच.

इथे मे महिन्यात ११ ते १५ या पाच दिवसांना पाच संतांची नावं आहेत. मामेर्टस, पांक्रात्सियुस, सेर्वात्सियुस, बोनिफात्सियुस आणि शेवटी सोफी. मिळून त्यांना "बर्फाचे संत" म्हणतात. त्यांचे दिवस होईपर्यंत शेतकऱ्यानं नाजूक रोप बाहेर काढायचं नाही, कारण उन्हाळा आला असं वाटत असतानाच उत्तरेचा गारठा या सुमारास परत फिरतो, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. दक्षिणेकडच्या भागात थंडी एक दिवस उशिरा पोचते म्हणून तिथे मामेर्टसना मोजतच नाहीत, चारच संत. चार बाप्ये आणि एक बाई, पण "थंड" हे विशेषण लागलं ते एकट्या बाईला. थंड सोफी. आई, तुला यात नवल वाटणार नाही.

हेर नाइन तर त्याच्याही पुढचे. त्यांचं म्हणणं, ही सगळी म्हण जुन्या पंचांगातली. १५८२ मध्ये पोपनं पंचांग सुधारलं तेव्हा दहा दिवस गाळले. संतांच्या तारखा त्याच राहिल्या, पण थंडीला पोपचं पत्र पोचलेलं नव्हतं. तेव्हा हिशेबानं खरे बर्फाचे संत मेच्या पंचविशीच्या आसपास पडतात. तोवर त्यांचे टोमॅटो काचेखाली.

आणि एवढ्यानं संपत नाही. जूनमध्ये, साधारण ११ तारखेच्या आगेमागे, आणखी एक गारवा येतो, त्याला म्हणतात मेंढ्यांची थंडी. लोकर नुकती कातरलेली असते, त्यामुळे मेंढ्या कुडकुडतात. हे ऐकल्यावर मी आजोबांना सांगितलं, की आमच्याकडे त्याच सुमाराला मृग लागतं आणि पंचांगात प्रत्येक पावसाच्या नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, त्यात मेंढाही असतो, कोल्हा असतो, बेडूक, म्हैस, गाढवसुद्धा. आजोबांनी डोळे मोठे केले. गाढवावरून पाऊस किती येतो, विचारलं. मी म्हटलं, ते आमच्या वडिलांना विचारावं लागेल. तेव्हा आबा, पुढच्या पत्रात कळवा. माणूस वाट पाहतो आहे.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. इथलं हवामान खातं वर्षाचे चार नव्हे, दहा ऋतू मोजतं, आणि तेही झाडांवरून. हेझलला मोहर आला की वसंताची चाहूल, फोर्सिथियाला पिवळी फुलं आली की वसंताचा पहिला टप्पा, सफरचंद फुललं की ऐन वसंत, एल्डरला पांढरे झुबके आले की उन्हाळ्याची सुरुवात. देशभर माणसं ही फुलं पाहून खात्याला तारखा कळवतात. बहावा फुललेला पाहून पावसाचे दिवस मोजणारे आपले तात्या इथे असते तर त्यांना सरकारी ओळखपत्र मिळालं असतं.

सफरचंदांवरून आठवलं. इथल्या थंडीनं भल्याभल्यांना रडवलं आहे, माझी काय कथा. २०२४ च्या एप्रिलच्या सुरुवातीला ऐन उन्हाळ्यासारखी हवा होती, झाडं वेळेआधी फुलली, आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमाराला रात्री पारा शून्याच्या खाली गेला. आमच्या या सॅक्सनी राज्यातल्या सफरचंद-चेरीच्या बागा आणि एल्बे नदीकाठचे द्राक्षमळे एका झटक्यात गेले. बाजारातल्या बागायतदाराचा चेहरा पाहून मला जानेवारीतले तुम्ही आठवलात, मणी तडकलेला घड हातात घेऊन उभे. त्याच्याशी बोलताना कळलं, ते लोकही शेकोट्या पेटवतात. आणखी एक युक्ती करतात: फुलांवर रात्रभर पाण्याचे तुषार मारतात. पाणी गोठताना ऊब सोडतं आणि फूल बर्फाच्या आत शून्याच्या आसपास तगून राहतं. मी त्याला सांगितलं, माझे वडील पहाटे ठिबक सोडतात, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून. त्यानं मला अर्धा किलो सफरचंदं वर घातली. सबंध जर्मनीत वर घालणारा माणूस मला हा एकच भेटला.

आता यंदाचं. मार्चच्या विसाव्या तारखेपासून आमच्या घरात माणसांना खिडकीतून बाहेर पाहता आलेलं नाही. सगळ्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर क्वार्कचे डबे. क्वार्क म्हणजे चक्क्याचा चुलतभाऊ, त्याचंच आम्ही श्रीखंड करतो. यंदा डबे हवेत म्हणून इतकं श्रीखंड झालं की धाकटीनं वाढदिवसाला "श्रीखंड नको" असं लिहून दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यापासून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायची. एकदम नेली तर उन्हानं पांढरी पडतात. म्हणून रोज तीन मजले खाली, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग उन्हात, आणि संध्याकाळी पुन्हा वर. तीस डबे, दोन फेऱ्या. इमारतीतल्या लोकांना वाटलं असेल, रोज कुणाचं तरी रुखवत निघतं आहे.

टोमॅटो घरात सुरक्षित होते, पण बटाटे एप्रिलमध्ये जमिनीत गेले होते आणि त्यांचे कोंब बोटभर वर आले होते. कोंबांना फ्रॉस्ट सोसत नाही. पांक्रात्सियुसांच्या रात्री अंदाज निघाला तीन अंशांचा, आभाळ मोकळं, वारा नाही. मी या वेळी जमिनीचा हिशेब केला. इथे असल्या रात्रीसाठी पांढरं झिरझिरीत कापड मिळतं, तुम्ही घडांवर घालता त्या जातीचं. ते आणायचं राहिलं होतं आणि रात्री आठला इथली तसली दुकानं गपगार. तेव्हा आई, तू लग्नात दिलेली ती हिरवी सुती नऊवारी आठवली, जिला मी "इथे कुठे नेसणार?" म्हणाले होते. वेताच्या कमानी रोवल्या, पानांना कापड टेकू द्यायचं नाही एवढं सांभाळलं, आणि लुगडं पसरलं. वाफा सात मीटरचा. काठ कडेला दगडांनी दाबल्यावरसुद्धा पदर उरला, त्यात मुळ्याच्या दोन ओळी आल्या.

सकाळी शेजारच्या गवतावर पांढरं होतं. लुगडं काढलं तर खाली बटाटे जसेच्या तसे. हेर नाइन कुंपणाशी उभे होते. बराच वेळ काठाकडे पाहत राहिले आणि मग विचारलं, हे कापड कुठल्या दुकानात मिळतं, आणि लांबी किती? धाकटी म्हणाली, "आजोबांना नाइनवारी आवडली." त्यांनी मान डोलावली. त्या तोंडून "या", म्हणजे "हो", आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

वालाचं राहिलंच. जावयांना डाळिंब्यांच्या उसळीची आठवण आली की ते गप्प होतात. म्हणून मागच्या वर्षी किराणाच्या पाकिटातले कडवे वाल मी पेरले. काय वेल आला! झोपडीवर चढला, छतावरून पलीकडे उतरला, सगळी पानंच पानं. इथे जूनमध्ये सोळा तासांच्या वर उजेड असतो आणि आपल्या गावठी वालाला फुलायला लहान दिवस लागतात. तो बिचारा दिवस लहान व्हायची वाट पाहत बसला. सप्टेंबर सरता सरता जांभळी फुलं आली, ऑक्टोबरात बोटाएवढ्या शेंगा धरल्या आणि एका रात्रीत सगळं काळं. जावयांनी त्यातल्या सात शेंगा वाचवल्या. सोलल्यावर अकरा दाणे निघाले. उसळ झाली नाही, आमटीत टाकले.

मग पिकतं काय, असं आई विचारेल. टोमॅटो, बटाटा, घेवडा, दुधी नशिबानं एखादा. मेथी मस्त येते. कोथिंबीर एप्रिलमध्ये पेरली तर खायला मिळते, जूनमध्ये पेरली तर थेट धणेच. पण सगळ्यात भरवशाचं पीक म्हणजे चाकवत. हो, चाकवत! इथे ते तण आहे. सगळं मंडळ कमरेत वाकून चाकवत उपटतं आणि खतात टाकतं. पहिल्यांदा हेर नाइनच्या ढिगावर कोवळा चाकवत पाहून मला हुंदका यायचा बाकी होता. पिशवीभर मागून आणला, ताकातली भाजी केली, वरून लसणाची फोडणी. दुसऱ्या दिवशी मंडळात बातमी, की ती भारतीय बाई कचरा नेते. आता लोक आपणहून टोपल्या आणून देतात. त्याला ना खिडकी लागते, ना तक्ता, ना संत.

एक तृतीयांशाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. चाकवत भाजीत धरतात की तणात, हे मी लेखी विचारलं आहे.

आजची टोमॅटोची रोपं तेवीस. जावयांनी तक्त्यात "लागवड पूर्ण" लिहिलं आणि ५० टक्क्यांचा रकाना माझ्यासाठी लाल रंगवला. आज रात्रीचा अंदाज सात अंशांचा आहे. नऊवारी झोपडीच्या दारामागे टांगून ठेवली आहे.

आबा, छाटणीचं आणि यंदाच्या पाण्याचं कळवा. तात्यांना नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. आई, मेतकुटाच्या पिशवीत लपवून बिया पाठवू नकोस. २०१९ च्या डिसेंबरपासून इथे प्रमाणपत्राशिवाय बी, रोप, फळ काही आणता येत नाही. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन नावाचं एक वासाचं फळ. तेव्हा बिया नकोतच. त्यापेक्षा पेटीत जुन्या नऊवाऱ्या असतील तर दोन पाठव. सुतीच. एक हेर नाइनना द्यायची आहे.